मेसाईचा सरकारी दिवा

“आजारी पडायचं तर पडा बाई, पर आधी दिव्याला मानूस नेमा आन् मंगच पडा.”

माझ्या आधी मेसाईचा दिवा लावणाऱ्या भिवराबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या खाटेवर होत्या, डोळे मिटलेले, धाप लागलेली. आणि मेसाईचा दिवा माझ्या हवाली करताना त्यांनी ना देवीची आरती सांगितली, ना तेलाचं माप. एवढंच सांगितलं. मी हो म्हटलं. मी सहसा हो म्हणते. माझा आवाज इतका बारीक आहे की मी काही वेगळं म्हटलं तरी पुढची व्यवस्था होकार धरूनच झालेली असते.

पुढचं सगळं रामायण त्या ‘नेमा’मुळं झालं. भिवराबाईंना म्हणायचं होतं, कुणाला तरी सांगून ठेवा. पण माणूस नेमणं ही काही ठिकाणी किती भारी गोष्ट असते, हे त्या भोळ्या जिवाला कुठून ठाऊक असणार?

चकलांब्याच्या बाहेर, इंग्रजी मुलखाकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर एक टेकाड आहे. त्यावर मेसाई. देऊळ नाही, शेंदूर थापलेली शिळा आणि तिच्यापुढं दगडी कोनाडा. निजाम सरकारच्या करोडगिरीनं तिथं जकातीचा नाका बसवला तेव्हा आवाराला भिंत घातली, आणि भिंत घालणाऱ्यांनी टेकाडाला वळसा घालायचे कष्ट घेतले नाहीत. तेव्हापासून देवी सरकारी आवारात आहे. तिला त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. नाक्यावरची माणसं जाता-येता हात जोडत, मी दिवेलागणीला जाऊन दिवा लावून येई, मला कुणी कुठं चाललात म्हणून विचारत नसे.

माझी लेक मुक्ता, युसूफ वडगाव या गावी दिलेली. तिची दोन बाळंतपणं रिकाम्या पाळण्यावर संपली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचा सांगावा आला त्या संध्याकाळी मी मेसाईपुढं बोलले, की लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पडेपर्यंत रोज तिन्हीसांजेला माझ्या हातानं तुझा दिवा लावीन, आणि तो लागल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. तशी माझी व्रतं पुष्कळ. ह्यांचं म्हणणं असं, की माझा आठवडा देवांनी आपसांत वाटून घेतला आहे आणि नवऱ्याच्या वाट्याला एकही वार उरलेला नाही. पण बाकीची व्रतं पुण्यासाठी होती. हे लेकीसाठी होतं. यात उणं-अधिक चालणार नव्हतं.

हे म्हणजे आमचं घर चालवणारे अर्जनवीस. नाक्याबाहेरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचे आणि गाडीवाल्यांचे, व्यापाऱ्यांचे अर्ज सुरेख उर्दूत लिहून द्यायचे. सरकारी कारभारावर ह्यांची जी श्रद्धा, ती मी माझ्या कुठल्याच देवावर ठेवू शकले नाही. जेवताना सांगायचे, “कचेरीत माणसं नसतात. कचेरीत जागा असतात. नाकेदार ही जागा, चपराशी ही जागा. माणूस बदलून जातो, मरतो, जागा बसलेलीच असते. म्हणून तर राज्य चालतं.”

मी एकदा विचारलं, “आणि जागेवर माणूसच नसला, तर तिथं कोण बसतं?”

“कुणीच नाही. तरी ती बसलेली असते.”

ते हे मोठ्या कौतुकानं बोलले. मी मात्र ताटावरून उठताना नाक्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

भादव्यात मला हिवताप आला. अंगावर गोधड्या टाकून दात वाजत होते, आणि भिवराबाईंचं वाक्य डोक्यात घुमत होतं. नाक्यावर एकच चपराशी होता, सटवा. उंच, वाळलेला, ढांगा टाकत चालणारा. पहाटे टपालाची थैली पुढच्या टप्प्यावर पोचवायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्याला निरोप धाडला. तो अंगणात येऊन उभा राहिला.

“वैनीबाई, तुमी निवांत पडा. मी लावितो दिवा. हितंच तर असतो.”

“माझं नाव घेऊन लावा, सटवादादा. मुक्तेसाठी आहे.”

“घेतो की. तुमचं बी घेतो, ताईचं बी घेतो. नावाला काय तेल लागतंय का?”

असं सरळ होतं. पण त्याच आठवड्यात बीडहून मोहतमीम साहेब, म्हणजे नाकेदारांचे वरचे साहेब, नाका तपासायला आले, आणि दिवेलागणीलाच आले. आल्या आल्या त्यांना दिसलं, की सरकारी चपराशी सरकारी वेळेत सरकारी आवारात वाकून दिवा लावतो आहे. साहेब रागावले नाहीत. हातात छडी होती, तिनं दिव्याकडं दाखवून सहज विचारलं, “ये किसके हुकुम से?”

आमचे नाकेदार धर्मराजराव मनानं फार मऊ. कुणाच्याच हुकमानं नाही म्हणावं, तर सटवाची नोकरी जाणार. ते घाईनं म्हणाले, “हुकूम निघायचाय, जनाब.”

साहेबांनी मान हलवली. बीडला परत गेल्यावर त्यांनी हुकूम काढला. नाक्याच्या आवारातला दिवा रोज तिन्हीसांजेला नाक्याच्या चपराशानं लावावा. तेल सरकारी.

वाईट कुणीच वागलं नव्हतं. मोहतमीम साहेबांनी तर देवीचा मानच ठेवला म्हणायचा. मला पुढं पुढं कळत गेलं, की अशा ठिकाणी वाईट वागणारा माणूस शोधूनही सापडत नाही, आणि मग भांडायचं कुणाशी हा प्रश्न पडतो.

ताप उतरल्यावर मी तेलाची बुधली घेऊन गेले तर दारावरच्या उत्तरेश्वरानं काठी आडवी धरली. हा उत्तरेश्वर माझ्या हातचा प्रसाद खाऊन नाक्याचा पहारेकरी झालेला.

“कुठं निघाल्या वैनी?”

“दिव्याला.”

“त्यो लागन की. सटवा लावील.”

“मी बरी झाले. आता मीच लावीन.”

“न्हाई जमायचं. सरकारी दिव्याला भायेरच्या मानसानं हात लावायचा न्हाई.”

“अरे, परवापर्यंत माझाच होता.”

उत्तरेश्वरानं खाली बघितलं. “व्हता. मी बी मागल्या सालापतुर नांगर धरीत व्हतो. आता ह्ये धरलंय.” काठी काही हलली नाही.

मी भिंतीबाहेर उभी राहिले. आत सटवानं दिवा लावला, माझ्याकडं बघून हात जोडले, आणि माझं नाव घेतल्यासारखे ओठ हलवले. ज्योत छान सरळ उभी होती. मी मात्र हात जोडायला विसरले. देवीनं उद्या विचारलं, की दिवा कुणाचा, तर सटवा खरं बोलणारा माणूस, तो सरकारचा म्हणून सांगणार. मग पुण्य कुणाला पोचणार? सरकारला बाळंतपण थोडंच आहे?

त्या दिवसापासून मी दुधावर राहिले. अन्न नाही.

ह्यांना वाईट वाटलं, पण आनंदही झाला. इतक्या वर्षांत घरातलंच माणूस पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून पुढं बसलं होतं. ह्यांनी नवा बोरू तासला आणि माझा दिवा मला परत मिळावा म्हणून असा अर्ज लिहिला, की तो मला तीनदा वाचून दाखवला. उत्तर आलं, दिवा आपला असल्याचा पुरावा अर्जदार बाईंनी द्यावा. ह्यांनी कळवलं, पणती आमची आहे. त्यावर फर्मावलं गेलं, पणती अर्जदाराची असल्यास पणती परत न्यावी, दिवा आवाराचा आहे. दुसऱ्या दिवशी सटवा माझी तेलकट, काजळलेली पणती लाल फडक्यात बांधून घेऊन आला. दोन्ही हातांवर धरून. अस्थी आणतात तशी.

“बघितलंस, केवढा बारीक विचार आहे,” हे म्हणाले. “पणती वेगळी, दिवा वेगळा. भल्याभल्यांना सुचायचं नाही.”

मी पणती घरातल्या कोनाड्यात ठेवली. ती रिकामी पणती दिवसभर माझ्याकडं बघायची.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे बीडला जाऊन साहेबांच्या बेगमेला भेटा, कुणी म्हणे भिंतीबाहेर दुसरी मेसाई बसवा, शेंदूर काय कुठंही मिळतो. शेजारच्या केसरबाई मात्र गप्प होत्या. त्यांच्या अंगात मंगळवारी मेसाई येते. एरवी त्या शेण्या थापणाऱ्या, चार लोकांत न बोलणाऱ्या. पण संचार झाला की पाटलालाही अरेतुरे करतात आणि नंतर विचारतात, मी काही बोलले का?

त्यांनी एका दुपारी मला अंगणात गाठलं.

“वैनी, नाकेदार मानूस वंगाळ हाय का?”

“छे. घरी नातवाला पाठीवर घेऊन घोडा होतात.”

“मंग खुर्चीत बसल्यावर तसं का बरं बोलतो?”

“आता काय सांगू.”

“मी सांगते. त्याच्या अंगात येतंय.”

मी हसणार होते. पण ह्यांची ती रिकामी बसलेली ‘जागा’ आठवली आणि हसू जागच्या जागी राहिलं. खरंच की. धर्मराजराव घरी मला ‘वहिनी, या’ म्हणतात. डोक्याला दस्तार बांधून खुर्चीत बसले, की तेच तोंड ‘अर्जदार बाई’ म्हणतं आणि डोळे माझ्यातून आरपार भिंतीकडं बघतात. नंतर भेटले की ओशाळतात. संचार यापेक्षा वेगळा काय असतो?

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“करायचं काय म्हंजी? समद्याला करत्यात तेच. कोन हायस, कुठनं आलास, काय पायजे, इचारायचं. मागंल ते द्यायचं. घिऊन जातंय.”

केसरबाई या बाबतीत जाणत्या. तेव्हा एके दिवशी आम्ही दोघी नारळ, लिंबू, कुंकू घेऊन भर दुपारी नाक्यात गेलो. अर्जाबाबत म्हटल्यावर उत्तरेश्वरानं सोडलं. दिव्याकडं जायला बंदी, कचेरीत जायला नाही. धर्मराजराव खुर्चीत होते. बाहेर गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि आत मात्र कोनाड्यातल्या घुबडासारखी शांतता.

“अर्जदार बाई, काय काम आहे?”

मी नारळ त्यांच्या टेबलावर ठेवला. पदर सावरला. मनात देवीचं नाव घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, माझ्या असल्या-नसल्या आवाजात विचारलं, “कोण आहेस तू?”

मला वाटलं आता हाकलून देतील. बोरू थांबला. त्यांचे डोळे भिंतीवरच होते. ओठ हलले, पण आवाज त्यांचा नव्हता. भरल्या विहिरीतून यावा तसा, सपाट.

“नाका.”

केसरबाईंनी माझा दंड धरला.

“कुठून आलास?”

“बीडाहून.”

“बीडात कुठून?”

“वरून.”

“वर कोण आहे?”

टेबलावरची माशी त्यांच्या बोटावर बसली, बोट हललं नाही. “ठाऊक नाही,” तो आवाज म्हणाला. “वरून येतं. खाली जातं.”

“तुला काय पाहिजे?”

“काही नको.”

“काहीतरी सांग. आम्ही देऊ.”

“काही नको. चालू राहायचंय.”

केसरबाईंनी मला अक्षरशः ओढून उठवलं. त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता. “वैनी, चला. ह्याला नारळ चालायचा न्हाई.”

आम्ही उंबऱ्यापर्यंत आलो तेव्हा मागून ओळखीचा खोकला आला. “अरे, वहिनी! तुम्ही कधी आलात? आणि हा नारळ कसला?”

 घराशी आल्यावर केसरबाई म्हणाल्या, “माज्या अंगात येती, तिला चोळी पायजे असती, निवद पायजे असतो. कायतरी हवं असलं की त्येला धाडता येतंय. ज्येला कायच नको, त्यो जात न्हाई.” त्यानंतर पुढच्या मंगळवारी त्यांच्या अंगात मेसाई आली नाही. आली नाही म्हणून त्याच घाबरल्या.

मुक्ताला आठवा लागला. मी दुधावर आणि राजगिऱ्यावर दिवस काढत होते. सटवा रोज दिवा लावून आमच्या अंगणातून जायचा, “लागला वैनीबाई, तुमचंच नाव घेतलं” म्हणायचा. कार्तिक संपता संपता त्याला ताप भरला. तापातही थैली घेऊन गेला, कारण थैली चपराशीच नेतो. परत येताना वाटेतच बसला. गाडीवाल्यांनी आणून घरी पोचवला. सकाळी गेला, दुपारच्या आत सगळं उरकलं. आम्ही बायका त्याच्या बायकोपाशी, बायडाबाईपाशी बसून होतो. तिच्या घरून आमच्याकडं येताना टेकाड दिसतं.

दिवा लागलेला होता.

मला आधी बरंच वाटलं. कुणीतरी आठवणीनं लावला. उत्तरेश्वराला म्हटलं, “बाबा, चांगलं केलंस.”

“म्या?” तो म्हणाला. “मी कशाला लावू? माजं काम दाराचं.”

धर्मराजरावांना घरी जाऊन विचारलं. नातवाला भरवत होते. “चपराशी लावतो, वहिनी.”

“सटवादादा गेले ना.”

“हो. फार वाईट झालं.” त्यांचे डोळे खरंच भरले. “पण तसा कागद अजून बीडला पोचलेला नाही.”

“मग पोचवा.”

“पोचवणार कोण? टपाल चपराशी नेतो. नवा चपराशी यायचा, तर जुना गेल्याचं बीडाला कळायला पाहिजे. ते कळवायचा कागद थैलीत घालून ठेवलाय. खुंटीला आहे थैली.”

दुसऱ्या दिवशी थैली खुंटीला नाही असं उत्तरेश्वर सांगून गेला, आणि मी पुन्हा धर्मराजरावांच्या घरी गेले, तर नातवाचं जेवण चाललं होतं.

“गेली असेल,” धर्मराजराव म्हणाले.

“कोण घेऊन गेलं?”

“टपाल चपराशीच नेतो, वहिनी,” ते म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं तितक्या सहज. मग घास त्यांच्या हातात तसाच राहिला, नातू आ करून बसला, आणि त्यांच्या लक्षात काय आलं ते मी विचारलं नाही.

दिवा रोज लागत होता. आम्ही भिंतीबाहेर उभं राहून बघायचो. अर्धं गाव असायचं. उत्तरेश्वर दाराकडं पाठ करून उभा. आवारात कुणी नाही. एका क्षणी कोनाडा काळा असायचा, आणि कुणी शिंकलं, कुणाचं पोर रडलं, तेवढी नजर वळली की ज्योत उभी. नुकती लावल्यासारखी हलायचीसुद्धा नाही. केसरबाई म्हणाल्या, “सटवाला घाई नसायची. तसाच लागतोय.” कुणी तरी ते ऐकून घरी निघून गेलं.

मग बीडहून शेरा आला. तो ह्यांनी मला वाचून दाखवला. सदर चपराशाच्या मृत्यूचा कागद सदर चपराशानं टप्प्यावर वेळेत पोचवला असून, त्या वेळी त्यानं आपल्या मृत्यूविषयी काही निवेदन केलेलं नाही. तरी त्याचा मृत्यू झाला कसा, याचा खुलासा व्हावा.

मला वाटलं हे आता ‘केवढा बारीक विचार’ म्हणणार. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “शेरा बिनचूक आहे,” इतकंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज माझ्याइतका बारीक झाला होता. त्या दिवशी सतरंजी लिंबाखाली गेली नाही. माझ्याजवळ चुलीपाशी बसून राहिले आणि मी पोळ्या लाटताना मध्येच म्हणाले, “जागेला माणूस लागतो गं. मी चुकत होतो का?”

नवरा चुकला म्हणायचं नाही, हेही माझ्या व्रतांतलंच एक आहे. पण पहिली पोळी ह्यांच्या ताटात जरा जास्त तूप लावून वाढली.

बायडाबाई मात्र घाबरलेली नव्हती. तिला राग आलेला होता.

“रोज सांच्याला दारात पावलं वाजत्यात,” ती मला म्हणाली. “मी म्हनते, या की आत, भाकर खावा. आत येत न्हाईत. जित्तेपनी बी असंच. सुट्टी न्हाई म्हनायचे. आता मेल्यावर बी सुट्टी न्हाई व्हय वैनीबाई? ह्या मानसानं जावं तरी कवा?”

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. आमच्या घरच्या बायका अशा ठिकाणी जात नाहीत. मी बायडाबाईला धरून बाभळीखाली उभी राहिले, आणि हे मला न अडवता स्वतःच मागं येऊन उभे राहिले. कावळे भरपूर होते. फांदीफांदीवर. एकही खाली उतरेना.

सटवाचा पुतण्या शहादेव हात जोडून म्हणाला, “काकूला मी संबाळतो, काका. अंतर देनार न्हाई.”

कावळ्यांनी ऐकून घेतलं.

बायडाबाई म्हणाली, “तुमची म्हस मी इकनार न्हाई.”

उत्तरेश्वर पुढं झाला. “सटवा, तुजं घोंगडं माज्याकडं ऱ्हायलंय. आजच देतो बायडावैनीकडं. लई चांगलं हाय, म्हनून ठिवलंतं.” दोन-तीन लोक हसले, मग हसलो याचं त्यांनाच कसंसं झालं. कावळे जागचे हलले नाहीत.

ऊन चढलं. पिंडावरचा भात सुकायला लागला. कुणीतरी धर्मराजरावांना बोलावून आणलं. ते अनवाणी, धोतरावर, डोकं उघडं घेऊन आले. डोक्याला दस्तार नाही, बसायला खुर्ची नाही, एवढी काळजी त्यांनी स्वतःहून घेतली होती. पिंडापुढं बसले, रडले.

शहादेव म्हणाला, “सायेब, एकदा म्हना की सुट्टी दिली. त्येवढंच ऐकायचं आसंल त्याला.”

“सटवा,” ते म्हणाले, “बाबा, तुला आता…”

वरच्या फांदीवरून कावळे खालच्या फांदीवर आले. एक तर जमिनीवर उतरला, मान वाकडी करून दोन उड्या मारत पुढं आला.

आणि धर्मराजरावांचा आवाज सपाट झाला. भर उन्हात, उघड्या डोक्यानं, खुर्ची नसताना. “रजा देण्याचा अधिकार नाक्याला नाही.”

कावळा उडून वर गेला. धर्मराजरावांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी कधी विसरायची नाही. ते आत होते. बिचारे आतच होते.

बायडाबाई माझ्या हातातून घसरून खाली बसली. सगळे कावळ्यांकडं बघत होते, पण कावळे माझ्याकडं बघत होते. निदान मला तसं वाटलं.

सटवा कशासाठी थांबला आहे, हे मला केव्हाच कळलेलं होतं. त्याचं काम कुणी घेतल्याशिवाय तो सोडणार नव्हता. तो तसा माणूसच नव्हता. आणि ते काम घेणं म्हणजे त्याच्या जागी उभं राहणं. मग तो दिवा सटवाच्या नावचा. मुक्तासाठी मी जो बोलले होते, तो नव्हे. तिला नववा लागलेला. एका ज्योतीचं पुण्य दोघांना पोचतं का, हे मी विचारू तरी कुणाला? पूर्वी ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी अर्ज लिहिला असता. देवीला विचारावं, तर तिच्यापर्यंत जायलाच बंदी.

बायडाबाई खाली मातीकडं बघत पुटपुटली, “जाऊ द्या. ऱ्हाऊ द्या त्यास्नी तसंच.”

ते मात्र मला ऐकवेना. मी बाभळीखालून पुढं गेले. पदर डोक्यावर घट्ट धरला.

“सटवादादा,” मी म्हटलं, “आज सांजेपासून तुमच्या जागी दिवा मी लावते. तुम्ही जा आता.”

माझा आवाज ह्यांनाही ऐकू गेला नाही, असं हे नंतर म्हणाले. पण माझं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता. मग दुसरा, मग सगळे. पंखांचा एवढा आवाज झाला की बायडाबाईचं रडणं त्यात बुडून गेलं.

दुपारभर पुन्हा सल्ले. सरकारी दिव्याला हात लावला तर काय होईल, यावर गावात तीन तट पडले. शहादेव म्हणे, भिंतीवरून चढवतो. उत्तरेश्वर घोंगडं परत करून आला आणि आमच्या दारात घुटमळला. “वैनी, मी दारावर असनार. मला आडवावं लागन.” “अडव बाबा,” मी म्हटलं, “तुझं काम दाराचं.” तो आणखी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

संध्याकाळी मी अंगणात येऊन बघत बसले. गाई परतल्या. धुरळा बसला. रोज ज्या वेळी टेकाडावर ज्योत उभी राहायची ती वेळ आली आणि गेली. मी डोळे मुद्दाम इकडं-तिकडं वळवून पाहिले, परत बघितलं. कोनाडा काळा होता. बायडाबाईच्या घराकडून हाक आली, की आज दारात पावलं वाजली नाहीत.

मी आत जाऊन बुधली भरली. वाती दोन वळल्या. एक त्याची, आणि एक माझ्या लेकीची. दोन वातींना कुणी हुकूम मागितला तर तेव्हाचं तेव्हा.

हे दारात उभे होते. “अर्ज लिहू का?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, एरवी लिहूनच आणायचे.

“नको.”

“तुला धरलं तर?”

“धरलं तर जागा भरलीय, एवढं त्यांना कळेल.”

ह्यांनी बाजूला होऊन वाट दिली. ओसरीवरून केसरबाईंनी मला बघितलं आणि हात जोडले. मला जोडले, की माझ्या अंगात आता जे यायचं होतं त्याला, ते त्यांचं त्यांना माहीत. मी बुधली पदराखाली घेतली आणि काळोख्या टेकाडाच्या वाटेला लागले.